रक्त यायला हवं

दातांच्या दवाखान्यात लहान मुलाने "रक्त येईल का?" असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं. छे रे, कळणारसुद्धा नाही तुला. आमच्या भाच्याच्या डॉक्टरबाईंनी मात्र हातातलं हत्यार खाली ठेवलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "यायलाच हवं. त्यासाठीच तर बोलावलंय तुला आज." नऊ वर्षांचं पोर ते. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ताई बाहेरच्या खोलीत मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसली होती, कारण तिला असलं काही बघवत नाही. म्हणून आत मावशी. मी त्याचा चष्मा हातात घेऊन भिंतीला टेकून उभी होते आणि मलाही काही बोलायला सुचेना. आजवर दातांचे डॉक्टर पाहिले ते रक्त थांबवणारे. कापसाचा बोळा ठेवायचा, घट्ट दाबून धर म्हणायचं, थुंकू नकोस म्हणायचं. मुद्दाम रक्त काढायला निघालेली बाई पहिल्यांदाच बघत होते. तिचं ते "यायलाच हवं" पुढे बरेच दिवस डोक्यातून जाईना. भाजी निवडताना, सिग्नलला थांबल्यावर, मध्येच कधीही आठवायचं.

झालं होतं ते तसं किरकोळच. सोसायटीच्या आवारात पकडापकडी खेळताना हा जिन्याच्या पायरीवर तोंडावर आपटला आणि वरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा उडाला. कोपरा त्याच संध्याकाळी लावून मिळाला, सांगितल्याशिवाय कळू नये इतका बेमालूम, आणि विषय सगळ्यांच्या डोक्यातून गेला. काही महिन्यांनी त्या दाताच्या वर, हिरडीवर, एक पुळी आली. दुखत नव्हती. दाबली की पिवळट थेंब यायचा, पुळी बसायची, आठवड्याने पुन्हा हजर. दातही शेजारच्यापेक्षा राखाडी दिसायला लागला होता. ताई त्यावरून त्याला रोज बोलायची, नीट घासत नाहीस म्हणून. मग या बाईंकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढून पटाशीचे दोन्ही दात स्क्रीनवर मोठे करून दाखवले. चांगल्या दाताचं मूळ लांब, टोकाकडे निमुळतं होत आलेलं. मार लागलेल्या दाताचं मूळ होतं तिथेच थांबलेलं: आखूड, भिंती पातळ आणि टोकाला सताड उघडं.

हे मला ठाऊकच नव्हतं, आणि मी विचारलं त्यांच्यापैकी बहुतेकांनाही नव्हतं, की दात हिरडीबाहेर दिसला म्हणजे तो पुरा झाला असं नसतं. पटाशीचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, पण त्यांचं मूळ पूर्ण व्हायला पुढे साधारण 3 वर्षं लागतात. ते बांधणाऱ्या पेशी दाताच्या आत, गाभ्यात असतात. ज्याला आपण सरसकट 'नस' म्हणून मोकळे होतो तो हा गाभा: रक्तवाहिन्या, मज्जातंतू, आणि भिंतीला चिकटून दाटीवाटीने बसलेल्या त्या गवंडी पेशी. एका दातातल्या सगळ्या ऐवजाचं आकारमान सरासरी 0.02 घनसेंटिमीटर, म्हणजे पाण्याचा धड एक थेंबही नाही. तेवढं मेलं की मुळाचं काम जागच्या जागी बंद. आणि पोरं धावतात, पडतात, तोंडावर आपटतात ती नेमकी याच वयात.

दाताला जीव असतो हे आपल्याला तो दुखल्यावरच पटतं. गाभा सुजला की त्याला फुगायला जागा नसते, चारी बाजूंनी टणक भिंती. म्हणून तर दाढेचा ठणका दुसऱ्या कुठल्याच दुखण्यासारखा नसतो आणि रात्री आडवं झालं की वाढतो. माझी आजी अशा वेळी गालात लवंग धरून चुलीपुढे बसून राहायची. एरवी तिच्या दातांचं जे काही करायची ते मिश्री करायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. त्या वासाने आम्हाला ठसका लागायचा आणि तिला तरतरी यायची. तिचे दात काळे होते, हिरड्या काळ्या होत्या, आणि साठीच्या आत निम्मे दात पडले होते. दात म्हणजे पडायचेच, त्यात काय एवढं, असा तिचा हिशोब. वडिलांची कवळी बेसिनपाशी काचेच्या भांड्यात असायची. या घरात मी वाढले, त्यामुळे दात हा मला हाडाचाच एखादा तुकडा वाटायचा, तोंडात खोचलेला.

पण उन्हाळ्यात दात आंबायचे, ते कसं विसरले होते कोण जाणे. मळ्याच्या बांधावर दोन चिंचा होत्या. परीक्षा संपली की गाभुळलेल्या चिंचा, त्या संपल्या की कैऱ्या, तिखट-मीठ कागदाच्या पुडीत. संध्याकाळपर्यंत दात असे आंबायचे की साधा वरणभात दातांना लावायची सोय राहायची नाही. वारा जरी तोंडात गेला तरी शिरशिरी. दाताच्या आतल्या थरात उघड्या डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्या असतात, गाभ्याजवळ तर एका चौरस मिलिमीटरमध्ये 40,000 च्या घरात. त्यांत द्रव भरलेला असतो. आंबटाने नळ्यांची तोंडं उघडी पडतात, गार किंवा गोड लागलं की आतला द्रव हलतो, आणि ती हालचाल गाभ्यातल्या मज्जातंतूला कळते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी साठच्या दशकात प्रयोग करकरून हे मांडलं. माझ्या डाव्या बाजूच्या एका दाढेचं मागे रूट कॅनॉल झालंय. परवा मुद्दाम कैरीची फोड त्याच बाजूने चावली. बाकीचे दात शहारले, ही ढिम्म. चावल्याचा दाब कळतो, कारण ती जाणीव मुळाभोवतीच्या पडद्याची असते. आंबट मात्र हिच्यापर्यंत पोचत नाही. ती बरी आहे, ठणकत नाही, कॅप बसवलेली आहे. तरीही त्या दिवशी थोडं वाईट वाटलं खरं.

भाच्याच्या दाताचं माझ्या दाढेसारखं रूट कॅनॉल करता येत नव्हतं. टोकच उघडं; बूड नसलेल्या पेल्यात भरायचं काय आणि ठरायचं काय? अशा दातासाठी पूर्वीपासून चालत आलेला उपाय म्हणजे आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, एका अर्थी चुनाच, भरून ठेवायचा, महिनोन्महिने बदलत राहायचा आणि टोकाशी कठीण पदर धरायची वाट बघायची. पदर धरतोही. पण 2002 मध्ये डेन्मार्कच्या येन्स ओवे आंद्रेआसेन यांनी मेंढीच्या दातांवर पाहिलं तर चुना वर्षभर आत राहिला की दाताची ताकद निम्म्यावर आली होती. म्हणजे मूळ बंद व्हायचं आणि दात पुढच्या धक्क्याला मानेपाशी मोडायचा. मग आला एमटीए नावाचा लेप, कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी नव्वदच्या दशकात तयार केलेला. त्याने टोक एकदोन भेटींत बंद होतं. त्यातला मुख्य घटक चक्क पोर्टलँड सिमेंट आहे. आमचे भाऊजी सिव्हिल इंजिनिअर. हे ऐकल्यावर त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "ग्रेड कुठला?" डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की ओलाव्यात घट्ट होतं म्हणूनच ते तोंडात चालतं. भाऊजींचं त्या क्षणापासून त्यांच्याविषयी मत चांगलं झालं.

पण सिमेंटने टोक बंद झालं तरी भिंती पातळ त्या पातळच. मूळ आखूड ते आखूडच. म्हणून तिसरा मार्ग, आणि त्यासाठी रक्त.

कल्पना जुनी आहे. नॉर्वेच्या नीगार्ड-ऑस्टबी यांनी 1961 मध्येच लिहून ठेवलं होतं की साफ केलेल्या मुळात रक्ताची गुठळी राहू दिली तर तिच्यातून ऊती आत वाढते का बघावं. पुढे ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 2001 मध्ये जपानमधून इवाया आणि सहकाऱ्यांनी एका कोवळ्या दाताची हकीगत छापली: पू झालेला, पुळी आलेला, आणि तरी जंतू मारल्यावर त्याचं मूळ पुढे वाढलं. 2004 मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी तसल्याच दाताचं टोक मुद्दाम टोचून रक्त आत आणलं, वर झाकण घातलं, आणि 2 वर्षांनी एक्स-रेत भिंती जाड झालेल्या दाखवल्या. एका मुलाची एक उपदाढ. तेवढ्यावर जगभरच्या डॉक्टरांनी ही पद्धत उचलली. नव्या गोष्टींबद्दल मी स्वभावाने संशयी आहे, आणि एका उपदाढेवरून एवढी धावपळ मला जरा उतावीळपणाचीच वाटली. पण पुढच्या काळात अशा दातांच्या हकिगती खूप साठल्या, आणि पुळ्या बहुतेकांच्या गेल्या हे खरं.

तर त्या दिवशी. पहिल्या भेटीत दात आतून धुऊन औषध भरून ठेवलेलं होतं. दुसऱ्या भेटीत इंजेक्शन दिलं तेही नेहमीचं नव्हे. नेहमीच्यात अॅड्रेनलिन असतं, ते रक्तवाहिन्या आकसवतं. इथे आकसून चालणार नव्हतं. मग तोंडावर निळं रबर ताणून बसवलं. त्याला एकच भोक, आणि भोकातून वर आलेला तो एकटा राखाडी दात. बाकी मुलगा, त्याचं हसणं, त्याची बडबड, सगळं रबराखाली. खोलीभर स्विमिंग टँकचा वास पसरला, सोडियम हायपोक्लोराइटचा. त्यानंतर दुसऱ्या एका द्रावणाने, ईडीटीएने, आतल्या भिंती धुतल्या. हे का, तर दाताची भिंत बांधली जात असतानाच पेशींना कामाला लावणारी काही प्रथिनं तिच्यात कोंडली गेलेली असतात, ती या द्रावणाने सुटतात. म्हणजे तो पाच-सहा वर्षांचा असताना त्याच्याच पेशींनी भिंतीत ठेवून दिलेलं आता उपयोगाला येणार होतं. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडला, आणि नीट कळला असं मात्र म्हणवत नाही.

मग बाईंनी एक बारीक फाइल, म्हणजे सुईसारखी कानस, मुळाच्या टोकापलीकडे, दोनेक मिलिमीटर, नेली आणि फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. भाच्याचा उजवा पाय हलायला लागला. स्क्रीनवर दाताच्या आतली पोकळी मोठी होऊन दिसत होती, कोरडी, पांढुरकी. तळाशी आधी नुसती गुलाबी झाक आली, मग एक ठिपका, मग ते रक्त सावकाश चढत वर आलं, अर्ध्यापर्यंत, आणखी वर, हिरडीच्या रेषेच्या जरा अलीकडे थांबलं. "आलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातली सुटका लपली नाही. कधीकधी येतच नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं. मुळाच्या टोकाशी, बाहेरच्या बाजूला, मूळ घडवायला आलेल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी घडतात त्या, पू झालेला असतानाही तग धरून असतात; रक्ताबरोबर त्या आत येतात. गुठळी धरेपर्यंत पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं होतं. छतावरच्या टीव्हीवर कार्टून चालू, आवाज बंद. मग गुठळीवर सिमेंटचा थर, त्यावर दातरंगाचं फिलिंग, की झालं.

घरी येऊन मी वाचायला बसले, आणि तिथे मन थोडं खट्टू झालं. असे काही दात पुढे दुसऱ्या कारणाने काढावे लागले, तेव्हा त्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. आत काय वाढलं होतं? बहुतेकांत गाभा नव्हताच. हाडासारखी ऊती, मुळावर असतो तसला कठीण थर, मुळाभोवतीच्या पडद्यातले धागे. मुळाबाहेर जे होतं तेच आत शिरून राहिलं होतं. भिंती जाड झाल्या त्या आतल्या गवंड्यांनी बांधल्या नव्हत्या, बाहेरच्यांनी लिंपल्या होत्या. मी पुढच्या भेटीत हे बाईंना विचारलं, जरा तक्रारीच्याच सुरात. त्या म्हणाल्या, "म्हणून मी कुठल्याच आईबापांना नस परत येते असं सांगत नाही. पू जाईल, दात टिकायची शक्यता वाढेल, मूळ वाढलं तर वाढेल. एवढंच सांगते." मला ते पटलं आणि आवडलंही, पण एक रुखरुख राहिली. रिकाम्या जागी जवळ जे असेल ते येऊन भरतं आणि काम चालू होतं, यात वाईट काय आहे? काही नाही. तरी मला गाभाच परत हवा होता.

आमच्याकडे दुधाचा दात पडला की तो कौलांवर फेकायचा. उंदीरमामाला सांगायचं, हा जुना घे आणि तुझ्यासारखा नवा दे. उंदरालाच का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. उंदराच्या पटाशीच्या दाताचं मूळ जन्मभर बंद होत नाही. बुडाशी मूलपेशींचा साठा कायम राहतो, दात पुढून झिजतो आणि मागून वाढत राहतो. कुरतडलं नाही तर वाढून वाढून त्यालाच जड जाईल. कौलांवर दात फेकणाऱ्यांनी हे कापून बघितलेलं नव्हतं, कणग्या कुरतडलेल्या मात्र रोज बघत होते. आपलं मूळ दहाव्या-अकराव्या वर्षी बंद होतं, आणि मग ही रक्ताची युक्ती अवघड होत जाते. माझ्या दाढेसाठी कुणी ती सुचवलीसुद्धा नव्हती. भाच्याचं काम अर्धवट राहिलं होतं म्हणून त्याच्या दाताला ही संधी मिळाली.

खरा गाभा परत आणायचे प्रयत्न चालू आहेत, आणि तेही दुधाच्याच दातांपासून. सोंगताओ शी हे मूळचे मुलांच्या दातांचे डॉक्टर, अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात पडला तेव्हा बापलेक तो निरखत बसले, तर आत जरासं लालसर काहीतरी. पुढचा दात पडल्यावर त्यांनी तो तडक प्रयोगशाळेत नेला. 2003 मध्ये त्यात सापडलेल्या मूलपेशींवरचा लेख आला. 2018 मध्ये चीनमधल्या शिआन शहरातल्या डॉक्टरांचा, शींच्याच साथीने केलेला, अभ्यास छापून आला. त्यासाठी 40 मुलं निवडली होती. सगळ्यांचे पुढचे दात मार लागून मेलेले. काहींना नेहमीचा उपाय, बाकीच्यांना त्यांच्याच दुधाच्या दातातल्या पेशी वाढवून मुळात सोडलेल्या. मुळं वाढली, संवेदना परतली. त्यातल्या एका मुलाचा दात पुन्हा अपघात होऊन काढावा लागला, म्हणून आत बघता आलं: रक्तवाहिन्या होत्या, मज्जातंतू होते, आणि भिंतीला लागून गवंडी पेशींची रांग. जपानमध्ये मिसाको नाकाशिमा यांनी 2017 मध्ये मोठ्या माणसांवरही असं करून पाहिलं, पाच जणांवर. वाचताना माझी जीभ आपोआप त्या ढिम्म दाढेकडे गेली.

धाकट्या भाचीचे दात आता पडायला लागलेत, आणि ताईच्या मोबाइलवर तिच्या कुठल्याशा ग्रुपमधून निरोप आला की दुधाचे दात कंपनीकडे गोठवून ठेवता येतात, पुढे उपयोगी पडतात. ताई पैसे भरायच्या बेतात होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्वच्छ आहेत: नाळेतलं रक्त सोडून दुसऱ्या कशातल्याही मूलपेशींची व्यापारी साठवण करायला परवानगी नाही, दाताचा गाभा त्यातच आला. मी तिला ते पान वाचून दाखवलं. "मग काय, कौलांवर टाकू?" ती म्हणाली. सोसायटीला कौलं कुठली. पण आईबापांच्या धास्तीवर चालणारा हा धंदा मला खरंच किळसवाणा वाटतो. शिआनच्या त्या मुलांच्या पेशी रुग्णालयाने उपचारासाठी वाढवल्या होत्या. कधीतरी लागतील म्हणून वर्षानुवर्षं हप्ते घेणं ही वेगळी गोष्ट.

वर्ष उलटल्यावर भाच्याची तपासणी झाली. पुळी गेलेली. एक्स-रेत टोक आत वळायला लागलेलं, भिंती किंचित जाड. रंग अजून राखाडी. मग बाईंनी कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून तो शेजारच्या दाताला लावला. "लागलं!" मग या दाताला. जरा थांबून, "लागलं." भाऊजींचा चेहरा खुलला. बाईंनी तिसरा बोळा उचलला, त्यावर काहीच न मारता, कोरडाच, पुन्हा त्याच दाताला लावला. "लागलं," भाचा म्हणाला, डोळे त्यांच्या चेहऱ्यावर. त्यांनी मान हलवली आणि कागदावर प्रश्नचिन्ह काढलं. मुलं असंच सांगतात, म्हणाल्या, आपल्याला बरं वाटावं म्हणून.

"म्हणजे दात जिवंत आहे की नाही, एक काय ते सांगा," भाऊजी म्हणाले.

"पू नाही, मूळ वाढतंय, हा त्याने पेरू खातोय. सहा महिन्यांनी परत आणा. आणि त्याआधी माउथगार्ड करून घ्या, हा फुटबॉलला जायला लागलाय असं म्हणतोय." भाऊजींनी माउथगार्डची किंमत विचारली. मी विचारलं की मोठ्या माणसांसाठी ते जपानसारखं इथे कधी सुरू होईल. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि उलट विचारलं, "तुमची कुठली दाढ?"